स्वीटवॉटरचा हौद

टेक्ससमध्ये डॅलसहून आय-२० महामार्ग धरून पश्चिमेला निघालं की ॲबिलीन मागे पडल्यावर झाडं खुजी होत जातात, माती तांबूस होते आणि जिकडे बघावं तिकडे पवनचक्क्या. तिथेच स्वीटवॉटर. साडेतीन तास मी गाडी चालवत होते आणि माझी शेजारीण मांडीवर एक जुनी वही घेऊन बसली होती. तिच्या आजीचं लॉगबुक, विमान उडवल्याच्या नोंदींचं.

दुसऱ्या महायुद्धात या गावाबाहेरच्या ॲव्हेंजर फील्डवर बायकांना लष्करी विमानं उडवायला शिकवत. विमेन एअरफोर्स सर्व्हिस पायलट्स, म्हणजे ‘वास्प’. पंचवीस हजारांवर अर्ज आले होते. निवडल्या १,८३० जणी, शिक्षण पुरं केलं १,०७४ जणींनी. शेजारणीची आजी उरलेल्यांमधली. पीटी-१९ या सरावाच्या विमानावर पहिला टप्पा पार पडला, पुढच्या टप्प्यातल्या बीटी-१३ विमानावरच्या परीक्षेत ती नापास झाली आणि १९४३ च्या उन्हाळ्यात बॅग भरून घरी परतली. घरात हा विषय कोणी काढत नसे. वही सापडली ती आजी गेल्यावर, चादरींच्या घडीखाली.

वास्पचं म्युझियम १९२९ सालच्या हँगरमध्ये आहे. मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती ‘झूट सूट’पाशी. मुलींना मिळायचे पुरुषांचे जुने ओव्हरऑल, अंगात दोन जणी मावतील असे. बाह्या दुमडायच्या, कमरेला पट्टा आवळायचा आणि निघायचं. एका खोलीत सहा खाटा, बारा जणींत एक न्हाणीघर. शेजारीण म्हणाली, “आजी कायम पाच मिनिटांत अंघोळ उरकायची. आम्ही हसायचो तिला.”

मग ती पदवीदानाच्या फोटोंसमोर उभी राहिली. एकेक चेहरा बघत गेली. आजी त्यात नसणार हे तिला ठाऊक होतं, तरी शेवटच्या रांगेपर्यंत बघितलं तिने.

मला माझी आजी आठवली. “माझी मॅट्रिक राहिली,” एवढंच म्हणायची ती, आणि विषय बदलायची. मॅट्रिकपर्यंत ती रोज चार मैल चालत शाळेत गेली होती, ते आम्ही कधी मोजलंच नाही. जे राहिलं तेवढंच घरात बोललं गेलं.

शिक्षण पुरं केलेल्यांच्या वाट्याला तरी काय आलं? त्यांनी कारखान्यातून विमानं तळांवर पोचवली, तोफांच्या सरावासाठी लक्ष्यं ओढत नेली. शिकताना आणि कामावर मिळून ३८ जणी मेल्या. कागदोपत्री त्या नागरी नोकर होत्या, त्यामुळे शव घरी पाठवायला मैत्रिणी वर्गणी काढत. २० डिसेंबर १९४४ ला संघटनाच बंद केली. माजी सैनिक म्हणून मान्यता मिळायला १९७७ उजाडलं. एलेन हार्मन या वास्प २०१५ मध्ये वारल्या, तेव्हा आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत त्यांच्या अस्थी ठेवायला नकार मिळाला. त्यांच्या नाती त्यासाठी झगडल्या, २०१६ मध्ये कायदा करून घेतला, मगच आजीला जागा मिळाली. शेजारणीला हे सगळं तोंडपाठ आहे.

शेजारच्या कॉलेजच्या आवारात तो गोल दगडी हौद आहे. परीक्षेच्या उड्डाणाआधी मुली त्यात नाणं टाकायच्या, आणि पहिल्यांदा एकटीने विमान उडवून आलेल्या मुलीला मैत्रिणी उचलून कपड्यांसकट त्यात बुचकळायच्या. शेजारणीने काठावर बसून वही उघडली. पेन्सिलीने आखलेले रकाने, बारीक, तिरकं अक्षर. एका ओळीपुढे लिहिलं होतं ‘सोलो’ आणि त्या ओळीच्या खालच्या भागात कागद फुगून परत वाळल्यासारखा खरखरीत झाला होता. आम्ही दोघींनी त्यावरून बोट फिरवलं. पाणी या हौदाचं की पुढे कधी माळ्यावर गळलेल्या पावसाचं, सांगता येत नाही. पण सोलो लिहिलंय म्हणजे तिला इथे बुचकळलं होतं.

निघताना म्युझियममधल्या बाईंना वही दाखवली. त्यांनी हात पुसून ती घेतली, सावकाश पानं उलटली आणि म्हणाल्या, “वास्पचं दफ्तर डेंटनला आहे, टेक्सस वुमन्स युनिव्हर्सिटीत. तिथे विचारा.”

डेंटन आमच्या घरापासून पाऊण तासावर. मंगळवारी शेजारणीला सुट्टी आहे.