साथीतला ‘कधी’

साथीच्या गणिताची माझी वही चाळताना सुमेधाने सहज विचारले, “पण साथ शिगेला कधी पोहोचेल, ते यात कुठे आहे?” तिच्या स्वरात थकवा होता, त्याविषयी आज लिहीत नाही; प्रश्न मात्र मनातून जात नाही.

कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली मांडलेल्या, साथ कशी पसरते हे सांगणाऱ्या गणिती प्रतिमानाचे सर्वांत साधे रूप, म्हणजे संवेदनशील (ज्यांना अजून लागण होऊ शकते असे), संसर्गित आणि बरे झालेले यांची संख्या किती वेगाने बदलते हे सांगणारी तीन अवकल समीकरणे, मी गणिती सोफस ली यांच्या सममितीच्या वाटेने सोडवली होती. या समीकरणांत काळ उघडपणे येत नाही, त्यामुळे घड्याळ पुढेमागे सरकवले तरी उकल ही उकलच राहते. याच सममितीच्या आधारे एका समीकरणाला दुसऱ्याने भागले की काळ गळून पडतो आणि संवेदनशील व संसर्गित यांच्यातला संबंध दोन ओळींत हाती येतो. म्हणजे समीकरण सुटते तेच मुळी ‘कधी’ सोडून दिल्यामुळे. काळ परत आणायचा तर एक समाकलन (इंटिग्रल) उरते, आणि ते परिचित फलांत (फंक्शन्समध्ये) मांडता येत नाही. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याला नेमके ‘कधी’ हेच हवे असते, संगणक ते क्षणात सांगतो, मग इतकी वर्षे मी या देखण्या बीजगणितात कशासाठी घालवली, असे वाटून दिवसभर हातात पेन धरवले नाही.

संध्याकाळी पुन्हा आकडे मांडले. जवळजवळ सगळे संवेदनशील असताना एक रुग्ण सरासरी दोघांना संसर्ग देत असेल, तर शिखरावर एका वेळी सुमारे १५ टक्के लोक आजारी असतात आणि साथ ओसरेपर्यंत सुमारे ८० टक्के लोकांना ती गाठते. साथ कधीही सुरू झाली तरी हे आकडे हलत नाहीत. संगणकाची तारीख मात्र आरंभाच्या दिवसासोबत सरकते, आणि तो दिवस सहसा कोणालाच नेमका ठाऊक नसतो. खाटा किती लागतील, हे तारखेविनाही सांगता येते. एवढे माझ्याकडे आहे, आणि ते मला आता कमी वाटत नाही.

संसर्गाचा दर ऋतूनुसार बदलता धरला की घड्याळ सरकवण्याची मुभा जाते. तिथे ‘कधी’ समीकरणातच बसलेला असतो. तो भाग मी उद्या संगणकावरच चालवून पाहणार आहे.