‘तयार’ खत आणि मुरायला ठेवलेली माती : माझा अनुभव

पिशवीवर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘पूर्ण कुजलेलं, वापरायला तयार’. ते आठवलं की अजून डोकं तापतं. घरात, दिव्याखाली, सेंद्रिय जिवंत मातीत झाडं वाढवायची म्हणून जे जे केलं ते सगळं सुरळीत पार पडलं. दिवा, कुंड्या, निचरा, कशातच काही अडलं नाही. अडलं ते या खतापाशी, आणि तिथेच आठवड्यांमागून आठवडे गेले. आज मिरची, टोमॅटो, पुदिना जोरात वाढताहेत. तरी लिहायला बसले ते त्या अडकलेल्या काळासाठीच. नवीन माणसाला सगळे सांगतात, ‘मिश्रण मुरू द्या.’ मुरलं हे ओळखायचं कसं, ते कुणी धड सांगत नाही.

कृती थोडक्यात सांगते. ढोबळमानाने एक भाग कोकोपीट, एक भाग हवा खेळती ठेवणारं काहीतरी, म्हणजे पर्लाइट किंवा भाताचं तूस, आणि एक भाग कुजलेलं खत. त्यात बेताने निंबोळी पेंड, समुद्री शेवाळाची पूड आणि बेसॉल्टची भुकटी. कुंडी परवडेल तेवढी मोठी घ्यावी, कारण लहान कुंडीत ओलावा आणि तापमान सारखं वरखाली होतं आणि सूक्ष्मजीवांना ते सोसत नाही. रासायनिक खत पाण्यात विरघळून थेट मुळांना मिळतं. इथे तसं नसतं. नत्र बराचसा प्रथिनांमध्ये बांधलेला असतो. जिवाणू आणि बुरशी तो फोडतात, तेव्हा कुठे मुळांच्या तोंडी काही पडतं. म्हणून या मिश्रणात खत कच्चं असेल तर बाकी सगळं कितीही चांगलं असून उपयोग नाही.

मिश्रण कालवलं, वाफशावर आणलं. मूठभर घेऊन दाबलं की गोळा व्हावा, बोटाने टोकरलं की फुटावा, इतपतच ओल. टबात भरून वर सुती कापड बांधलं. दुसऱ्या दिवशी हात आत घातला तर मधोमध चांगलंच गरम लागलं. वर पांढऱ्या बुरशीचे तंतू पसरले होते. या बुरशीला पुष्कळ जण घाबरतात. घाबरायचं काही कारण नाही, ती कुजवणारी बुरशी आहे, झाडावर जगणारी नव्हे. मला तर आनंदच झाला. माती कामाला लागली होती.

मग वास सुरू झाला. नाकात झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा अमोनियाचा वास. मोकळ्यावरच्या ढिगाचा वास वाऱ्यावर निघून जातो. घरातला टब आपण जिथे बसतो, झोपतो तिथेच असतो. खिडक्या उघड्या टाकल्या, रोज मिश्रण खालवर केलं. एखाद्या आठवड्यात हे थांबायला हवं होतं. थांबलं नाही. खालवर करताना तळाशी न कुजलेल्या काडीकचऱ्याचे, पिसांचे तुकडे हाताला लागले, तेव्हा सगळा उलगडा झाला. कोंबडीखत अर्धवट कुजवून, चाळून, पिशवीत भरलेलं होतं.

विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं, ‘सेंद्रिय म्हटलं की वास येणारच. मूठभर चुना मिसळा, जाईल.’ हा सल्ला वाचून मला खरंच संताप आला. प्रथिनं फुटून सुटलेला नत्र अमोनियम आणि अमोनिया अशा दोन रूपांत असतो, आणि कुठलं रूप किती हे सामूवर, म्हणजे पीएचवर ठरतं. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर अमोनिया वायूच्या रूपात जेमतेम अर्धा टक्का असतो. सामू ८ झाला की पाच टक्क्यांच्या आसपास. मुळं जाळतो तो हा वायू. चुन्याने सामू वाढतो, म्हणजे वास जाणं दूरच, उलट वायू दहापट. ज्याला खत विकायचं आहे त्याला एवढं ठाऊक असायला हवं. मी चुना घातला नाही. तुम्हीही घालू नका. आम्लता कमी करायला चुना लागतो तेव्हा तो जरूर वापरावा, पण अमोनियाचा वास येत असताना कधीही नाही.

त्याऐवजी सुकी पानं हाताने चुरून मिसळली आणि थोडं जास्तीचं कोकोपीट घातलं. कुजण्याच्या कामाला कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण साधारण २५ ते ३० भागांना एक असं लागतं. कोंबडीखतात नत्र भरमसाट, कर्ब तोकडा. जिवाणूंना वापरता येत नाही तो नत्र अमोनिया होऊन उडतो. सुक्या पानांचा कर्ब मिळाला की हा नत्र त्यांच्या शरीरात अडकतो आणि पुढे हळूहळू सुटतो. दोनतीन दिवसांत वासाची धार कमी झाली.

तरी लावणी करायची नव्हती, आणि इथूनच खरी कसोटी लागली. रोपं ट्रेमध्ये तयार, दिवा तयार, टब तयार, आणि आपण नुसतं कापड उचलून वास घेतोय. वास गेला म्हणजे माती मुरली असं होत नाही. अमोनियमचं आधी नायट्राइट होतं आणि मग नायट्रेट. ही दोन्ही कामं वेगवेगळे जिवाणू करतात. सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९०च्या सुमारास त्यांना वेगळं काढून दाखवलं. हे जिवाणू फार सावकाश वाढतात. प्रथिनं फोडणारे जिवाणू पोषक स्थितीत अर्ध्याएक तासात दुप्पट होऊ शकतात, यांना सगळं मनासारखं असलं तरी अनेक तास लागतात, कधी दिवसही. त्यांना प्राणवायू हवा, ओल हवी आणि ऊब हवी. २५ ते ३० अंशांना ते मजेत असतात, थंडीत जवळजवळ झोपतात. म्हणून अमोनिया झपाट्याने तयार होतो आणि त्याचा निपटारा रेंगाळतो. मधला तो सगळा काळ म्हणजे आपलं वाट बघणं. तो टाळता येत नाही. बाटलीतले जिवाणू ओतून तो झटक्यात संपतो असं कुणी सांगितलं तर पैसे वाचवा.

नुसतं थांबणं मला जमेना, म्हणून मोजायला लागले. मत्स्यालयाच्या पाण्यासाठी मिळणारा तपासणी संच यासाठी फार उपयोगी पडतो. त्यात अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट अशा तीन चाचण्या असतात. एक भाग मिश्रण, पाच भाग डिस्टिल्ड पाणी, खळखळून हलवायचं, निवळू द्यायचं, कॉफीच्या गाळणकागदातून गाळायचं. पाणी चहासारखं दिसलं तर रंग वाचता येत नाही, तेव्हा आणखी पाणी घालून पातळ करायचं. सुरुवातीला अमोनियाची नळी गडद हिरवी आणि नायट्रेटची नुसती पिवळी.

यात एक मेख आहे, आणि ती मला कुणी सांगितली असती तर बरेच हेलपाटे वाचले असते. अमोनियमवर धन भार असतो, त्यामुळे तो सेंद्रिय कणांना चिकटून बसतो आणि साध्या पाण्यात पूर्ण उतरत नाही. प्रयोगशाळेत म्हणूनच पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण वापरतात. घरच्या चाचणीत अमोनिया कमी दिसला तर त्यावर विसंबू नका. नायट्रेटवर ऋण भार, ते पाण्यात सहज येतं. म्हणजे भरवसा ठेवायचा तो नायट्रेट वाढण्यावर. एके दिवशी नायट्राइटची नळी जांभळी झाली, मग ती परत फिकी पडली, आणि नायट्रेटची नळी पिवळ्यावरून नारिंगी आणि नारिंगीवरून लाल झाली. ती लाल नळी उजेडात धरून मी किती वेळ बघत बसले होते! टबात आता दोन्ही प्रकारचे जिवाणू काम करत होते, याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा होता.

त्यानंतरही बियांची चाचणी केलीच. एका ताटलीत गाळणकागद त्याच गाळलेल्या पाण्याने भिजवायचा, दुसऱ्यात साध्या पाण्याने, आणि दोन्हींवर अळिवाचे मोजके दाणे. अळीव लवकर रुजतो आणि विषारीपणाला हळवा असतो. किती रुजले आणि मुळं किती लांब झाली हे दोन्ही बघायचं. दोन्हींचा गुणाकार साध्या पाण्याच्या तुलनेत ८० टक्क्यांच्या वर गेला की खत पक्व मानतात. माझी मुळं सरळ, पांढरी, तंतुमय आली. त्याच दिवशी लावणी केली.

संच नसेल तर पिशवीची चाचणी करा, तिला काहीच लागत नाही. ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधायचं, उबेला काही दिवस ठेवायचं आणि उघडून नाक लावायचं. आंबूस किंवा झोंबरा वास आला तर कच्चं. पहिल्या पावसानंतर येतो तसा मातीचा वास आला तर तयार. हा वास ॲक्टिनोमायसीट गटातल्या जिवाणूंमुळे येतो, ते जिओस्मिन नावाचं द्रव्य बनवतात. ही चाचणी मिश्रण कालवण्याआधीच करावी हे उत्तम. मी आता प्रत्येक पिशवीची करते, छापलेलं काहीही असो.

चिलटांचं सांगायचं राहिलं. कच्च्या खताबरोबर ती आलीच. दिवा लावला की त्याच्याभोवती घिरट्या. यांच्या अळ्या मुख्यतः बुरशी खातात, पण संख्या वाढली की कोवळ्या मुळांवरही ताव मारतात. बटाट्याची चकती मातीवर पालथी ठेवून दुसऱ्या दिवशी उलटली तर अळ्या दिसतात, अंग पारदर्शक आणि डोकं काळं कुळकुळीत. पिवळे चिकट कागद फक्त उडणारी चिलटं धरतात. सगळे म्हणतात, वरची माती सुकू द्या. झाड लावलेल्या कुंडीत ते बरोबर आहे. मुरायला ठेवलेल्या मिश्रणात मात्र सुकवलं की नायट्रेट करणारे जिवाणूही थंडावतात आणि वाट बघणं आणखी लांबतं. मी कापड बारीक विणीचं घेतलं आणि कडेने दोरीने घट्ट आवळलं, म्हणजे आतली बाहेर नाहीत, बाहेरची आत नाहीत. शिवाय बीटीआय पाण्यातून दिलं. हा बॅसिलस जातीचा जिवाणू फक्त अळ्या मारतो. अंडी, कोष आणि उडणाऱ्या चिलटांवर त्याचा परिणाम नाही. अंड्यापासून चिलटापर्यंत तीनचार आठवडे लागतात, म्हणून तो एकदा देऊन भागत नाही, ती फेरी संपेपर्यंत देत राहावा लागतो. मातीवर पांढरे, टुणकन उडी मारणारे बारीक जीव दिसले तर त्यांना काही करू नका. ते स्प्रिंगटेल, कुजकं खाणारे, आपल्याच बाजूचे.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते रात्रभर उघडं ठेवलं की बरंचसं उडून जातं. क्लोरामाइन असेल तर असं उडत नाही, कोळशाच्या गाळणीतून काढावं लागतं. कोकोपीट घेताना ते धुतलेलं आहे का विचारा. न धुतलेल्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. आणि खत विकणाऱ्याला थेट विचारा, कच्चा माल काय होता, ढीग कधी रचला, किती वेळा उलटला, शेवटी थंड होऊन किती दिवस पडून होता. ज्याने खरंच कुजवलंय तो ही उत्तरं न अडखळता देतो. ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ असं म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. ढीग मोठा असेल तर आत ५५ अंशांच्या वर तापमान जातं आणि तणाचं बी, रोगजंतू मरतात. घरातला टब एवढा कधीच तापत नाही. म्हणजे त्याने अर्धवट सोडलेलं काम आपण घरी पूर्ण करू शकत नाही, फार तर नत्राची घडी बसवू शकतो.

एकदा घडी बसली की मात्र ही माती टाकायची नसते. टोमॅटोचा बहर संपला की मी रोप उपटत नाही. खोड मातीलगत कापते, मुळं आतच राहू देते, ती कुजून हवेच्या वाटा तयार होतात. वर बोटभर गांडूळखताचा थर, त्यावर सुक्या पानांचं आच्छादन, ओल वाफशावर. या वेळी कालवाकालव नसल्यामुळे अमोनियाचा भडका उडत नाही, आणि थोड्याच दिवसांत जुन्या खोडाच्या शेजारी नवं रोप लावता येतं.