आमची वाटचाल : डिटेक्टरच्या आधीची वीस मिनिटं

२००१ मध्ये अमेरिकेत अँथ्रॅक्सची पाकिटं टपालात आली, पाच माणसं गेली, आणि पुढे तिथल्या टपाल केंद्रांत हवा तपासणारी यंत्रं बसली. नाव झालं डिटेक्टरचं. हवा गरगर फिरवून तिच्यातले कण पाण्यात उतरवणारा तो सायक्लोन. त्याने पकडलेलं गढूळ पाणी पीसीआरला, म्हणजे डीएनएवरून जंतू ओळखणाऱ्या चाचणीला, चालेल असं करून देणाऱ्या भागाला कोण विचारतो? आम्ही भोसरीत तोच भाग बनवतो.

सायक्लोन मिनिटाला ३०० लिटर हवा ओढतो, जीवाणू १५ मिली पाण्यात उतरतात. पाणी उडतं, म्हणून भर घालणारा पंप हवाच. ट्वीन-२० हा साबणासारखा पदार्थ ०.०१ टक्का, नसेल तर बीजाणू (जीवाणूंची कवचबंद, सुप्त रूपं) नळीला चिकटतात, जास्त झालं की फेस येतो आणि सेन्सरला तो पाणीच वाटतो. मग जाड गाळणीत धूळ अडते, बारीक मेम्ब्रेनवर जीवाणू. बॅसिलसच्या बीजाणूचं कवच नुसत्या उष्णतेला दाद देत नाही, ०.१ मिमीचे मणी आणि अल्ट्रासाउंड लागतो.

बुडायची वेळ आली ती एका प्रात्यक्षिकात. पहिल्या फेरीत बॅसिलस अॅट्रोफियस, अँथ्रॅक्सऐवजी वापरतात तो निरुपद्रवी भाऊ. दुसऱ्या फेरीत कोरं पाणी. तेही पॉझिटिव्ह! प्रतिस्पर्धी कंपनीचा माणूस हसून म्हणाला, ‘यांचं मशीन कुणालाच नाही म्हणत नाही.’ ऑर्डर त्यांना गेली. दोष सोलेनॉइड (विजेवर चालणाऱ्या) व्हॉल्व्हच्या डेड व्हॉल्यूममध्ये, म्हणजे द्रव साचून राहणाऱ्या कोपऱ्यात, होता. धुण्याचं पाणी त्या कोपऱ्यात वळतच नव्हतं. घाईत ब्लीच वाढवलं, तर उरलेल्या ब्लीचने डीएनएच खाल्ला आणि खरा नमुना निगेटिव्ह आला. आता नळी बाहेरून चिमटणारे पिंच व्हॉल्व्ह आहेत, द्रव फक्त नळीला लागतो. धुलाई ब्लीच, उरलेलं ब्लीच मारणारं थायोसल्फेट, मग तीनदा पाणी, आणि उलट्या दिशेनेही.

त्या पडत्या काळात एका प्रयोगशाळेच्या मॅडमनी दोन यंत्रं परत केली नाहीत. प्रत्येक फेरीत इंटर्नल कंट्रोल, म्हणजे चाचणी चालली की दिसायलाच हवा असा ओळखीचा डीएनए, घालायला त्यांनीच लावलं. डिझेलची काजळी पीसीआर अडवते. कंट्रोल दिसला नाही तर ‘निगेटिव्ह’ लिहायचं नाही, नमुना दहापट पातळ करून पुन्हा लावायचा.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी एक करावं: पेरिस्टाल्टिक पंपाची (रोलरने नळी दाबत द्रव पुढे ढकलणाऱ्या पंपाची) नळी फुटेपर्यंत वाट पाहू नये. रोलरखाली ती आधी चपटी होते आणि मात्रा गुपचूप कमी पडते. दर सोमवारी १ मिली पाणी काट्यावर सोडा. ०.९५ ग्रॅमच्या खाली आलं की नळी बदला.