बुटकी विंडो आणि एक '&'

डेटा उडाला की आमच्याकडे 'परत येईल का' हे नंतर विचारतात, आधी विचारतात 'कोणी उडवला'. या वेळी तर उत्तर आधीच तयार होतं. रेकॉर्डचं काम बघणाऱ्या एक मॅडम आहेत, त्यांच्या लॉगिनवरून सर्व्हरवरचा 'आर&डी' नावाचा अख्खा फोल्डर पुसला गेला, लॉगमध्ये त्यांचं नाव, वेळ आणि 'यूजरने होय म्हटलं' अशी ओळ, सगळं शिस्तीत. मला फक्त लॉग बरोबर आहेत असं लिहून द्यायचं होतं. मॅडमना 'यापुढे काळजी घ्यावी' असा मेल आधीच गेलेला होता. चौकशी नंतर, निकाल आधी, ही आमच्याकडची पद्धतच आहे.

लिहून द्यायच्या आधी मॅडमशी बोललो. त्या म्हणाल्या, "अहो, प्रत्येक विंडो वाचूनच मी होय-नाही केलंय. पण त्या एकीत फोल्डरचं नावच नव्हतं. आणि ती बाकीच्यांपेक्षा बुटकी होती." हे त्यांनी मीटिंगमध्येही सांगितलं होतं म्हणे, आणि 'बुटकी विंडो' म्हटल्यावर लोक हसले होते.

मला मात्र तो शब्द खटकला, कारण माणूस सारवासारव करायला लागला की 'मला दिसलंच नाही', 'सिस्टिम हँग झाली होती' असलं काहीतरी म्हणतो, खोटं बोलताना विंडोची उंची कोणी सांगत नाही.

आता मॅडमनी फोल्डर साफ करायला जी स्क्रिप्ट चालवली होती ती काय होती ते सांगतो. जुने फोल्डर साफ करायची साधी बॅश स्क्रिप्ट (लिनक्सवर एकामागून एक कमांड चालवणारी फाइल), कधीकाळी इथे कामाला असलेल्या कोणीतरी लिहिलेली. ऑपरेटर लोकांना टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करायच्या विंडोची, भीती वाटते म्हणून त्याने प्रश्न विचारायला झेनिटी वापरलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: झेनिटी म्हणजे कमांड लाइनवरून चालणारा छोटा प्रोग्रॅम, स्क्रिप्टमधून त्याला हाक मारली की तो स्क्रीनवर खरीखुरी विंडो उघडतो. होय-नाही विचारायचं असो, नाव टाइप करून घ्यायचं असो, फाइल निवडायची, तारीख निवडायची, पासवर्ड घ्यायचा, प्रोग्रेस बार दाखवायचा, एका ओळीत काम. लिनक्सवरचा ग्नोम डेस्कटॉप बनवणाऱ्यांचं आहे, पूर्वीच्या जीडायलॉगच्या जागी नव्याने लिहिलेलं. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवाल्यांचं केडायलॉग आहे, झेनिटीतूनच फुटून निघालेलं याड आहे, आणि ज्यांना टर्मिनलमध्येच चौकटी हव्यात त्यांना डायलॉग आणि व्हिपटेल. यूजरने काय टाइप केलं किंवा निवडलं ते स्टँडर्ड आउटपुटवर, म्हणजे स्क्रिप्टला वाचता येईल असं येतं, आणि कोणतं बटण दाबलं ते एक्झिट कोडवरून, म्हणजे प्रोग्रॅम संपताना देतो त्या आकड्यावरून कळतं: ओकेला ०, कॅन्सल केलं किंवा फुलीने विंडो बंद केली तर १, टाइमआउट लावला असेल आणि वेळ संपली तर ५. मला हे टूल मनापासून आवडतं. दोन बटणं दाखवायची म्हणून आख्खं वेब ॲप उभं करणाऱ्या लोकांना हे शिकवायला हवं असं माझं जुनं मत आहे, ते या प्रकरणानंतरही तसंच आहे.

तर स्क्रिप्ट आधी चेकबॉक्सची यादी दाखवायची, त्यात टिक केलेली नावं मधे उभी रेघ घालून एका ओळीत परत यायची (नावातच उभी रेघ असली तर काय, हा विचार त्या भल्या माणसाने केलेला नव्हता, पण ते असो), मग लूप लावून प्रत्येक फोल्डरसाठी वेगळी विंडो: फोल्डरचं नाव, साइज, आणि त्याचा बॅकअप सापडला नाही तर खाली लाल अक्षरात 'बॅकअप नाही, पुसलं तर परत येणार नाही'. तीन ओळींचा प्रश्न. कल्पना वाईट नाही, उलट आमच्याकडच्या विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरपेक्षा कितीतरी माणुसकीची.

मी टेस्ट मशीनवर त्याच नावांचे रिकामे फोल्डर बनवले, स्क्रिप्ट तशीच्या तशी चालवली आणि सगळ्यांवर टिक केलं. पहिली विंडो तीन ओळींची. दुसरी तशीच. मग 'आर&डी'ची पाळी आली आणि समोर एक बुटकी विंडो. त्यात एकच ओळ: आर यू शुअर यू वॉन्ट टू प्रोसीड? नाव नाही, साइज नाही, लाल अक्षरं तर नाहीतच. खाली होय आणि नाही ही बटणं, अगदी नेहमीसारखी.

मी खुर्चीतच मागे रेललो.

कारण एकदा दिसल्यावर अगदी सोपं आहे. झेनिटी प्रश्नाचा मजकूर पँगो मार्कअप म्हणून वाचतं, म्हणजे एचटीएमएलच्या धाकट्या भावासारखं काहीतरी, त्यात बोल्ड, रंग वगैरे करता येतं. आणि मार्कअपमध्ये '&' या चिन्हाला, अँपरसँडला, खास अर्थ असतो, ते तसंच मोकळं आलं की पार्सर, म्हणजे मार्कअप वाचून समजून घेणारा भाग, बिथरतो. इथे बिथरला तो नुसत्या त्या चिन्हापाशी नाही, त्याने आख्खा मजकूर नाकारला. मग विंडोत राहिलं काय, तर झेनिटीचं स्वतःचं डिफॉल्ट वाक्य, कोणी काहीच मजकूर दिला नाही तर दाखवायला ठेवलेलं. (माहितीच्या विंडोत हीच भानगड झाली तर तिथलं डिफॉल्ट वाक्य दिसतं, सगळे अपडेट पूर्ण झाले, असं. ज्यांनी हे कधी पाहिलंय त्यांना आठवून हसू येईल.) टर्मिनलवर चालवलं असतं तर 'मार्कअप पार्स करताना एरर, सेमीकोलन नाही, बहुतेक तुम्ही चुकून अँपरसँड वापरलंय' अशी वॉर्निंग छापून आली असती, नेमकं दुखणं सांगणारी. पण मॅडम डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर डबल क्लिक करतात, त्यांच्यासाठी ती वॉर्निंग सेशनच्या लॉगमध्ये जाऊन पडली, जिथे कोणी कधी बघत नाही. मी बघितलं. होती, त्याच तारखेची, त्याच मिनिटाची. आणि एक्झिट कोड? ०. होय दाबलं ना, मग ०. स्क्रिप्टच्या दृष्टीने माणसाला सगळं सांगितलं आणि माणूस हो म्हणाला.

यातली मला सगळ्यात झोंबलेली गोष्ट अशी की मार्कअप लागलं कशासाठी, तर त्या लाल अक्षरांसाठी. लोकांनी नक्की वाचावं म्हणून रंग दिला आणि त्या रंगाच्या सोयीनेच वाचायचा मजकूर गिळला.

दुरुस्तीत थोडा वेळ गेला, कारण नो-मार्कअप हा ऑप्शन लावला की '&' शहाण्यासारखं दिसतं पण मग लाल रंगाचे टॅग जसेच्या तसे विंडोत छापले जातात. म्हणून एस्केप करणं आलं, म्हणजे खास चिन्हाच्या जागी त्याचं ठरलेलं रूप लिहायचं, जे स्वतःच अँपरसँडने सुरू होतं. इथे शेजारच्या डेस्कवरून एका होतकरू पोराने सेडची (मजकुरात शोधून बदलणाऱ्या प्रोग्रॅमची) ओळ लिहून दिली, चालवून दाखवली, '&' साठी उत्तर बरोबर आलं, खूश झाला. मी म्हटलं आता 'कमी'च्या चिन्हावर चालव. फसली. कारण सेडमध्ये बदलीच्या मजकुरातल्या '&' चा अर्थ 'जे सापडलं ते' असा असतो, त्यामुळे '&' च्या जागी '&' ठेवताना योगायोगाने बरोबर येतं आणि '<' वर गेलं की '&' च्या जागी पुन्हा '<' च येऊन बसतं. बॅशच्या आतली बदली वापरली तरी ५.२ व्हर्जनपासून, म्हणजे २०२२ पासून, हाच खड्डा आहे, जुन्या बॅशवर चालणारी ओळ नव्यावर गुपचूप फसते. '&' च्या अगदी आधी, डावीकडे, बॅकस्लॅश द्या, आणि आधी '&' एस्केप करा, मग '<', क्रम उलटा केला तर आधीचंच एस्केप दुसऱ्यांदा एस्केप होतं. एवढं सगळं एका चिन्हासाठी.

शिवाय आता एंटर दाबलं की 'नाही' होतं, बटणावर 'होय' ऐवजी 'पुसा' लिहिलंय, आणि बॅकअप नसेल तर वेगळी विंडो येते जिच्यात फोल्डरचं नाव टाइप करावं लागतं, ते जुळलं तरच पुढे. दोन ऑपरेटर लोकांनी लगेच तक्रार केली की काम वाढलं. वाढू दे.

रिपोर्ट दिला, स्क्रीनशॉट जोडले, बुटकी विंडो आणि शेजारी तीन ओळींची. वरचे साहेब म्हणाले, "ते ठीक आहे, पण लोक वाचत नाहीत हेही खरंच आहे ना." मी म्हटलं, सर, या केसमध्ये वाचायला काही नव्हतंच. त्यावर ते 'हम्म' म्हणाले आणि विषय पुढच्या मुद्द्यावर गेला. फोल्डरपैकी काही भाग कोणाकोणाच्या लॅपटॉपवरच्या कॉपीतून परत मिळाला, बाकीचा गेला तो गेला.

पण माझं डोकं अजून त्यातच आहे, कारण माझा एक जुना सहकारी, तसा समजूतदार, म्हणतो की नाव नसलेल्या प्रश्नाला होय दाबायचंच कशाला, थांबून विचारायचं. ऐकायला बरोबर वाटतं. विंडो कोरी आली असती तर मॅडम नक्की थांबल्या असत्या, मीही थांबलो असतो. पण ही कोरी नव्हती, तिच्यात नीट, सभ्य, पूर्ण वाक्य होतं, जे आपण सगळ्यांनी आयुष्यभर शेकडो विंडोंमध्ये बघून ओके केलंय. बिघडलेली गोष्ट बिघडल्यासारखी दिसायला हवी, इथे ती ठणठणीत दिसत होती. सहकाऱ्याचं म्हणणं मी मॅडमच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "आधीच्या सगळ्या विंडोंनी मला नीट विचारलं होतं हो, मला वाटलं ही त्याच फोल्डरचं शेवटचं कन्फर्मेशन मागतेय."

हे मी सहकाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तरी पण.

त्या 'काळजी घ्यावी' मेलचं अजून काही झालेलं नाही. केसचा प्रकार रजिस्टरमध्ये 'यूजर एरर'वरून 'सॉफ्टवेअर' झाला, मेल मात्र मॅडमच्या फाइलला आहे तिथेच आहे. तो मागे घ्या म्हणून मी लिहिलंय, विचारतोय, उत्तर येतं की पाठवलेला मेल मागे घ्यायची प्रोसेस नाही.