गालावरचे ठिपके

मी एका क्रीमची हलत्या चित्रांची जाहिरात करते आहे. काल दुपारच्या बैठकीत ती करून घेणाऱ्या ताईंनी अगदी सहज विचारले, "त्या बाईच्या गालावरचे ठिपके काढता येतील का? डाग पडल्यासारखे वाटतात." मी "बघते" म्हटले आणि पुढचा विषय निघाला. त्यानंतर रात्र सरली, तरी ते वाक्य मनातून जात नाही.

जाहिरात १५ सेकंदांची आहे. सेकंदाला १२ चित्रे धरली तर १८० चित्रे. क्रीमची डबी उघडते, बाई मान वळवते, गालाला बोट लावते आणि मागे ‘फक्त या दिवाळीपुरती’ ही जाड अक्षरे उमटतात. पॉप आर्टसारखे, म्हणजे छापील कॉमिक्ससारखे ठळक हवे, ही मागणी ताईंचीच होती.

मला लागले ते एवढ्यासाठी, की या शैलीत ठिपके त्वचेवर नसतात. ठिपके हीच त्वचा असते. बेंजामिन डे यांच्या नावाने ओळखली जाणारी ही छपाईची रीत १८७९ सालची. स्वस्त कागदावर लाल शाईचे ठिपके विरळ छापले, की मधल्या पांढऱ्या कागदात ते मिसळतात आणि लांबून गाल गुलाबी दिसतो. अमेरिकन पॉप आर्ट चित्रकार रॉय लिख्टनस्टाईन यांनी १९६१ पासून तेच ठिपके मोठे करून कॅनव्हासवर मांडले. माझी बाई सावळी हवी होती, म्हणून लालाच्या जोडीला पिवळे आणि अगदी थोडे निळे ठिपके घेऊन त्यांची अंतरे जुळवण्यात माझे चार दिवस गेले. हे ठिपके काढले तर सपाट रंग भरलेली कोणतीही एक बाई उरेल, आणि चार दिवस मी काय करत होते हे कुणाला कळणारही नाही. रात्री मी हेच स्वतःला पुनःपुन्हा सांगत राहिले.

आत्याच्या गालांवर वांग आहेत. फोटो काढताना ती नेहमी डावीकडे वळून उभी राहते. ‘डाग’ हा शब्द मी त्या घरात फार ऐकला आहे.

आज सकाळी एकेक चित्र थांबवून सगळी जाहिरात पुन्हा पाहिली. बाई स्थिर असते तोवर ठिपके छपाईचेच वाटतात. तिने मान वळवली, की ते गालाबरोबर सरकतात, कारण मीच ते चेहऱ्याला चिकटवले होते. पडद्यावर स्थिर ठेवले असते तर ती जाळीच्या काचेमागे हलल्यासारखी दिसली असती, आणि ते मला टाळायचे होते. शिवाय मोबाइलसाठी व्हिडिओची फाइल दाबून लहान केली जाते तेव्हा बारीक ठिपके फिसकटतात, म्हणून गेल्या आठवड्यात मी ते मोठे केले होते. मोठे आणि गालाबरोबर फिरणारे ठिपके पाहणाऱ्याला डागच वाटणार. ताईंनी जे पाहिले तेच सांगितले. छपाईचा इतिहास सांगायला मी प्रत्येक मोबाइलमागे उभी राहू शकत नाही. हे मान्य करताना वाईट वाटले, पण रात्रीइतके नाही.

ठिपके मी काढले नाहीत. ते पडद्यावर स्थिर केले आणि तशीच जाळी डबीवर, बोटांवर, मागच्या पिवळ्या भिंतीवरही पसरवली, म्हणजे साऱ्या चित्राची वीण एकच दिसेल आणि गाल तेवढा वेगळा पडणार नाही. सावळा रंग तसाच राहिला आहे. काचेमागचा भास थोडा होतो, पण कागदावर छापलेले चित्र हलू लागले तर ते कदाचित असेच दिसेल.

नवी प्रत दुपारी पाठवली. उत्तर अजून आलेले नाही. मान वळते त्या नऊ चित्रांत कानाजवळचे ठिपके अजून लुकलुकतात. तेवढे उद्या सकाळी नीट करायचे आहे.