अकरा मिनिटं

वेलंकनी मातेच्या यात्रेहून परतीची गाडी. गुरुवार, संध्याकाळ.

"सेहेचाळीस हवेत, पंचेचाळीसच भरतायत."

काल सकाळपासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. पूंडीच्या मातेच्या चर्चला निघालेली बस माझ्यासाठी अकरा मिनिटं थांबली. मी आराधनेच्या चॅपेलमध्ये होते आणि फोन खोलीवर. कोणी रागावलं नाही. काका एवढंच म्हणाले, "सांगून जायचं गं." मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "तिला आपल्यात करमतच नाही."

काकांचं बरोबर होतं. लागलं ते दुसरं.

करमत नाही असं नाही. पण पहाटे साडेतीनपासून रात्री अकरापर्यंत कोणी ना कोणी बोलत असतं, आणि जिथे बोलत नाही तिथे गात असतं. एका खोलीत पाचजणी, न्हाणीघर एकच. दहा-दहा मिनिटं धरली तरी पाऊण तासाच्या वर जातो. म्हणून मी पहिला नंबर मागून घेते. अंघोळ उरकली की बाकीच्यांचं होईपर्यंत अर्धा-पाऊण तास बाहेरच्या पायरीवर बसता येतं. दिवसभराची खरी प्रार्थना तेवढ्यातच होते. गाडीत वरचा बर्थ मागते तेही यासाठीच. खालचा बर्थ रात्री दहापर्यंत सगळ्यांचा, मधला दिवसा पाडून ठेवावा लागतो. वरचा मात्र दिवसभर आपला. लोकांना वाटतं, ही रुसून वर जाऊन बसली.

रोझरीचंही, म्हणजे मरियेच्या माळेच्या प्रार्थनेचंही, तसंच. डब्यात रोझरी म्हटली की सांगणारा एका टोकाला बसतो. तिसऱ्या कप्प्याच्या पुढे त्याचा आवाज पोचत नाही. मागच्यांचं "पवित्र मरिये" संपायच्या आत पुढचं "नमो मरिये" सुरू होतं. मग दोन्हीकडचे आवाज चढवतात आणि दुसऱ्या दहाकड्यापर्यंत सगळा कल्ला होतो. मणी बोटांखालून सरकतात, मन रहस्यावर, म्हणजे त्या दहा मण्यांना आठवायच्या प्रसंगावर, टिकत नाही. खरं तर उपाय सोपा आहे. सांगणाऱ्याने डब्याच्या मधोमध उभं राहावं आणि प्रत्येक आमेननंतर एक श्वास थांबावं. हे मी कधी बोलून दाखवलेलं नाही. माझी पाळी आली की माळ पुढे सरकवते. म्हणजे तक्रार करायचा हक्कही नाही.

अकरा मिनिटं. उन्हात उभी बस, आत म्हातारी माणसं, आणि एसी बंद.

मंगळवारी पहाटे वाळूच्या वाटेवर गुडघ्यांनी गेले, तेव्हा असं काही मनात नव्हतं. ती वाट उजाडायच्या आधीच धरावी, नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. दुपारी वाळूला हात लावून पाहा, मग कळेल. साडी नको. ती गुडघ्याखाली अडकते आणि दर दोन पावलांना मागे ओढते. सैल सलवार बरी. वाळू वरवर मऊ वाटते, पण खाली खडे असतात, आणि शंभरेक पावलांनंतर तेच टोचायला लागतात. म्हणून घाई न करता गुडघा उचलून टेकवायचा, ओढायचा नाही. ओढला की कातडी सोलते. तिथे कोणी कोणाशी बोलत नाही. माझ्या पुढे एक तमिळ बाई लेकराला कडेवर घेऊन गुडघ्यांनी चालली होती. ते मूल तिच्या खांद्यावरून माझ्याकडे टक लावून बघत होतं. कुळापर्यंत, म्हणजे मातेच्या तळ्यापर्यंत, आम्ही दोघी एकामागे एक गेलो, एक शब्द न बोलता. एवढी सोबत मला पुष्कळ होते.

माता आली ती एकट्या मुलांकडे. दूध घेऊन निघालेला पोर कुळाशी वडाच्या सावलीत विसावला होता. वेलंकनीतल्याच नडुतिट्टू या जागी ताक विकणारा पांगळा मुलगाही एकटाच बसला होता. लहानपणापासून या दोन गोष्टी मला आपल्या वाटत आल्या आहेत. काल बसमध्येही मी त्यांचाच आधार घेत होते. गर्दीत कुठे भेटली ती कोणाला, असं मनातल्या मनात भांडत होते. तंजावर लागलं तेव्हा फादर तिथल्या मोठ्या देवळातल्या, सरफोजी राजांच्या मराठी शिलालेखाबद्दल सांगत होते. माझं लक्षच नव्हतं. ऐकायचं राहून गेलं.

मग तिसरी गोष्ट आठवली आणि भांडण थोडं सैल झालं. पोर्तुगीज खलाशी वादळात सापडले, तेव्हा कोणी एकटा कोपऱ्यात जाऊन बसला नव्हता. सगळ्यांनी मिळून हाक मारली आणि ८ सप्टेंबरला किनाऱ्याला लागले. आपण सण साजरा करतो तो त्याच दिवशी. मग जहाजावर डोकी मोजणारा कोणीतरी असणारच.

काकांनी काल तीनदा मोजलं. पहिल्यांदा दारातून, मग सीटसीटवर हात ठेवत, मग नावं घेऊन. हे मला आज दुपारी काकीकडून कळलं.

माझ्याकडेही एक मोजणी होतीच. निघताना आळीतल्या लोकांनी दिलेली नावांची चिठ्ठी. तेवीस नावं. कोणाचं ऑपरेशन, कोणाच्या मुलीचं लग्न, एका नावापुढे नुसती फुली. घरून मेणबत्त्या नेल्या नाहीत, मे महिन्यात त्या डब्यातच वाकतात. तिथेच घेतल्या. एकेक नाव मनात घेऊन एकेक लावली. एखादं राहिलं का म्हणून पुन्हा वरपासून वाचलं. चॅपेलमध्ये उशीर झाला तो याच यादीपायी. फुली असलेल्या नावाशी थांबले होते. ते मी कोणाला सांगितलं नाही, आणि आता सांगायचंही नाही.

पण निघताना "चॅपेलमध्ये आहे" एवढे दोन शब्द सांगता आले असते. काकीला सांगायचं, फोन बरोबर ठेवायचा, निघायच्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधीचा गजर लावायचा. हे एवढं मला जमायला हवं होतं. त्या दुसऱ्या वाक्याचं काय करायचं, ते अजून समजलेलं नाही. ते राहील काही दिवस.

खाली हालचाल सुरू झाली आहे. चादरी आवरतायत, माळा काढतायत. आज गुरुवार, म्हणजे प्रकाशाची रहस्ये. काकीने मघाशी बर्थच्या कडेवर टिचकी मारली.

"दुसरं रहस्य तू सांग. काना गावातलं लग्न."

मी काही बोलले नाही.

"वरूनच सांग गं, उतरू नकोस."

माझा बर्थ डब्याच्या जवळजवळ मध्यावरच आहे. माळ बॅगेत तळाशी गेली आहे, कुळाच्या पाण्याच्या बाटल्यांखाली. ती काढायला हवी.