राइनेच्या फ्योर्डवर चार अंशांचं ऊन

नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर डिसेंबरच्या सुरुवातीपासून जवळजवळ महिनाभर सूर्य उगवतच नाही. आम्ही गेलो जानेवारीअखेर. तेव्हा तो उगवतो, पण भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ४ अंश वर. ज्या कोवळ्या उन्हासाठी सह्याद्रीत अंधारात गड चढावा लागतो, ते इथं नाश्ता उरकून निवांत निघालं तरी मावळेपर्यंत पुरतं. दिवसच पाचेक तासांचा, एवढंच.

राइने हे मोस्केनेस बेटावरचं कोळ्यांचं गाव. ई-१० रस्त्यावरून गावाकडे फाटा फुटतो तिथं उभं राहिलं की डावीकडे राइनेब्रिंगेनचा ४४८ मीटरचा कडा, समोर ऊल्स्टिन्डनचं टोकदार शिखर, मधे फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या, पाण्याकाठी लाल रोर्बू, म्हणजे मच्छीमारांची लाकडी घरं. (आता त्यांत पर्यटक राहतात, भाडं विचारू नका.) वाइड अँगल लेन्स लावली की डोंगर पार खुजे दिसतात. म्हणून पॅनोरमा, म्हणजे शेजारशेजारच्या फ्रेम जोडून एकच रुंद फोटो.

कॅमेरा उभा लावला आणि शेजारच्या फ्रेम एक तृतीयांश एकमेकींवर येतील अशा बेतानं फिरवत नेला. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल. नाहीतर दर फ्रेममध्ये बर्फाचा रंग बदलतो आणि जोड उघडे पडतात. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, बॅगेतच राहू दिला, कारण एवढ्या रुंद आकाशात तो मधेच काळपट पट्टा पाडतो. खरी पंचाईत उजेडाची. शिखरं गुलाबी आणि पायथ्याशी गडद निळी सावली. एक्स्पोजर शिखरांवरच्या बर्फाला सांभाळून ठेवलं, सावल्या नंतर रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमधून, उजळून घेतल्या.

थंडीचा मात्र उगाच बाऊ होतो. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे पारा शून्याच्या आसपास असतो. छळतो तो वारा. ट्रायपॉड बुटका करून, मधला दांडा खाली घेऊनही लेन्सवर खारे तुषार येतच होते. दर फेरीआधी काच पुसायची.

जवळच कॉड मासे वाळवायचे लाकडी मांडव होते, वसईकडे बोंबील वाळवतात तसे, फक्त दोन माणसं उंच. हंगामाची नुकती सुरुवात, त्यामुळे बरेचसे रिकामे. तेही फ्रेममध्ये घ्यावेत असा बायकोचा आग्रह होता.

मी नाही घेतले. घरी जोडणी झाल्यावर राइनेब्रिंगेनचाही अर्धा कडा कापला; सगळंच ठेवलं तर नजर कुठं थांबावी? बायकोला हे अजून पटलेलं नाही. दिवाणखान्यात कुठला प्रिंट लावायचा यावर वाद चालू आहे.